मंगळवारची प्रत

डंडीतल्या माझ्या दुकानात कॅलमने
टेबलावर कार्ट्रिज ठेवलं.
कवच नाहीच, नुसता हिरवा बोर्ड,
चिपवर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेननं :
'मंगळवार. जिना मोडका.'
अक्षर त्याच्या मावशीचं, एल्स्पेथचं.
कंपनी बुडाली, गेम बाजारात आलाच नाही.

त्याला हवंय जांभळं पारदर्शक कवच,
छापील लेबल, आणि जमलं तर
जिनाही दुरुस्त.

म्हटलं, पट्टीखाली काचेची खिडकी आहे.
उघडी पडली की ऊन आत शिरतं,
हळूहळू सगळं पुसून टाकतं.
"इथे? ऊन?"
टे नदीवरचं धुकं दाराशी आलेलं.
मलाही हसू आलं.

आधी नक्कल उतरवली, मग लावून पाहिलं.
तिसऱ्या मजल्यावर नायक पाय टाकतो
आणि जमिनीतून आरपार
पडत राहतो, पडत राहतो,
गुण वाढत राहतात.
"मावशी इथेच थांबायची," कॅलम म्हणाला,
"चहा संपेपर्यंत पडू द्यायची त्याला."

जांभळं कवच नकलेला चढवलं.
जिना कुठेच दुरुस्त केला नाही,
तेवढे पैसे कमी घेतले.
मूळ बोर्ड बिस्किटांच्या डब्यात घालून
तो निघाला,
नसलेल्या उन्हाकडे
पाठ करून.