कुडचड्यातला संध्याकाळचा वर्ग

पतसंस्थेच्या माडीवर, सव्वासातला,
अकरा खुर्च्या, नऊ माणसं,
आणि एक फळा, ज्यावर कुणाचं तरी थकलेलं व्याज
अजून अर्धंमुर्धं दिसतं.
मी त्याच्यावरच लिहितो: नाम. गणनीय, अगणनीय.

ब्रेड, मी सांगतो, इंग्रजीत मोजता येत नाही.
शेवटच्या खुर्चीतून पोदेर सेबास्त्यांव उठतो,
पहाटे तीनपासून जागा, भुवयांत पीठ.
"सर, मी रोज तीनशे चाळीस मोजतो.
एक कमी पडला तर बायको परत मोजते."
मी पुस्तकाकडे बघतो. पुस्तक हटत नाही.
शेवटी आमचं ठरतं:
पाव मोजायचे, ब्रेड मोजायचा नाही,
टोपली एकच.

'ए' आणि 'द' यांत आठवडा गेला.
मराठीत नाहीत, कोंकणीत नाहीत.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तशी सगळी तिथंच अडखळतात.
"पहिल्यांदा भेटली की 'ए' नदी," मी म्हणतो,
"नंतर ओळख झाली की 'द'."
सुरंगी वेळीप विचारते,
"आणि जिच्या काठावर जन्मलो ती, सर?
ती पहिल्यांदा कधी भेटली?"
खिडकीतून जुवारी दिसत नाही,
फक्त गंजत उभ्या बार्जवरच्या
राखणदाराचा दिवा.

शाबा गांवकर कधी काही विचारत नाही.
अकरा वर्षं खनिजाचा ट्रक,
आता भाजीच्या टेंपोवर बदली माणूस.
वहीत त्याची सगळी वाक्यं कर्मणी:
खाण बंद केली गेली.
ट्रक विकला गेला.
मी लाल पेननं विचारतो, कुणाकडून?
तो खाली लिहितो, माहीत नाही.
व्याकरणाला हे चालतं.
'बाय'च्या पुढचं गाळता येतं, नियमच आहे तसा.

त्याला 'आय' म्हणता येत नाही.
आपल्यात भूक मला लागते, झोप मला येते,
राग येतो, आठवण होते,
सगळं बाहेरून चालत येतं
आणि आपण नुसते दारात.
इंग्रजीत मात्र वाक्याच्या तोंडाशीच
'आय' उभा, कायम मोठ्या अक्षरात, ताठ,
माडासारखा.
('उपमा', सुरंगी वहीत टिपते.)
नाही, माड वाकतो. विजेच्या खांबासारखा.
(ती खोडते. परत टिपते.)

आज पाठ दहावा: पटवून देणे.
सुरंगी मालक, शाबा उमेदवार,
मध्ये टेबल, टेबलावर पतसंस्थेचा शिक्का.
"व्हाय शुड आय टेक यू?"
आवाज तिचा नाही,
कुठल्याशा रिसॉर्टच्या मागच्या दारात ऐकलेला.

शाबा शिक्क्याकडे बघत राहतो.
खाली मार्केटात उरलेले बांगडे
ओरडून ओरडून स्वस्त होताहेत.
"आय," तो म्हणतो. थांबतो.
"आय ड्राइव्ह."
आणि मग सुटतोच, क्रियापदं काळाबाहेर सांडत:
उतारावर मागे दहा टन असताना
ब्रेकवर विसंबायचं नसतं, मॅडम,
ट्रक ऐकायचा असतो,
तो आधी खोकतो, आजारी बाप
काही मागायच्या आधी खोकतो तसा,
आणि अकरा वर्षांत एक कोंबडीसुद्धा,
"नॉट वन हेन, मॅडम.
नॉट ए हेन. नॉट द हेन."

मी चुका मोजत होतो. सातवर सोडलं.
अतिशयोक्ती शोधली, तीही सापडेना.

पुस्तकात यापुढे मालकानं
'आम्ही कळवू' असं म्हणायचं असतं.
सुरंगीनं पुस्तक मिटलं.
"फाल्यां येयात," ती म्हणाली.

आज्ञार्थ. यात कर्ता लिहीत नाहीत,
समोरच असतो म्हणून.
वर्ग हसायच्या बेतात होता,
तोवर शाबानं वही उघडली,
पेनचं टोपण दातात धरलं,
"किती वाजता?"