फळ्यांखाली काय भरायचं

एस्किलने नकाशा टेबलावर पसरला
आणि मान खाली घालून समजावू लागला.
मी टेबलावर थाप मारली.
त्याने वर पाहिलं. हं, आता बोल.
दुभाषी बाई हसू दाबत होत्या.

घर एकशे तेरा वर्षांचं, ओंडक्यांचं,
त्रोन्हाइममध्ये, नदीवरच्या चढाला.
सांध्यांतून शेवाळ कोंबलेलं.
जानेवारीत स्वयंपाकघरात
प्रत्येकाचा श्वास वेगळा दिसायचा.
श्वास दिसण्याला आमची ना नाही,
विजेचं बिलही दिसायचं, तेच नको होतं.

त्याचं पुष्कळसं बरोबर होतं.
तीन काचांच्या खिडक्या,
पाडलेल्या शाळेतून उचलून आणलेली दारं,
छपरात रद्दी वर्तमानपत्रांचा भुगा
(तुर्गाइर म्हणाला, एवढ्या बातम्या डोक्यावर
आणि एक ऐकू येईल तर शपथ).
बोळ रुंद, दोघांना शेजारी शेजारी
बोलत चालता येईल इतका.
चुलीमागे चकचकीत पत्रा,
कांदा परतताना पाठीमागे कोण आलं ते कळावं म्हणून.
भिंतींना शेवाळी रंग, त्यावर हात उठून दिसतात,
सासऱ्यांचे थरथरते हातसुद्धा.
दक्षिणेच्या खिडकीला आडव्या पट्ट्या,
कारण डिसेंबरातला सूर्य इथे वर चढतच नाही,
सरळ डोळ्यांत घुसतो
आणि समोरच्याचं बोलणं काळं करून टाकतो.

मग पान सात. जमीन.
जुन्या फळ्या काढायच्या,
खाली लाकडाच्या तंतूंची गादी, वर रबर,
त्यावर नवी जमीन, तुळयांना कुठेच न टेकलेली.
“पावलांचा आवाजसुद्धा येणार नाही,”
तो कौतुकाने म्हणाला,
आणि वाक्य संपायच्या आत स्वतःच गोरामोरा झाला.
बाईंचे हात हवेतच राहिले.

मी बूट काढले. त्यालाही काढायला लावले.
सुन्निवाला मागच्या खोलीत पाठवून दार लावून घेतलं.
तिने टाच आपटली दोनदा:
इकडे बघ.
मग एक लांब, दोन छोट्या:
भूक लागली.
खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या ओडवारनी,
ज्यांना आता डोळ्यांनीही अर्धंच दिसतं,
मान उचलून विचारलं, जेवण झालं का तयार?

एस्किल मोज्यांत उभा होता,
एका मोज्याला अंगठ्याशी भोक.
बराच वेळ तो आपल्या पायांकडेच पाहत राहिला.
पान सात घडी करून त्याने खिशात घातलं.

फळ्या राहिल्या, त्याच तुळयांवर, त्याच खिळ्यांनी.
गादी गेली तळघराच्या छताला.
थोडी ऊब तुळयांमधून निसटते म्हणे.
वर्षाला किती, तो आकडा त्याने लाल शाईत लिहिला.
मी शेजारी लिहिलं: बोलण्याचा खर्च.
तुर्गाइरला तो आकडा अजून पचलेला नाही.

जेवणाच्या टेबलावरचा दिवा मात्र एस्किलचा हट्ट:
हालचाल थांबली की दोन मिनिटांत विझतो.
ऐकणारे पाहुणे येतात,
हात मांडीवर ठेवून तोंडाने गप्पा मारतात
आणि अचानक अंधारात बुडतात.
आम्ही बोलतो तोवर आमच्याकडे उजेड असतो.

काल त्या लाल आकड्यावरून आमचं वाजलं.
(हो, आमच्यातही वाजतं.)
शेवटी मी हात काखेत घातले, त्याने खिशात.
दोन मिनिटं.
दिवा गेला.
नवराबायकोत कुणी हात उचलू नये म्हणतात,
इथे कुणीतरी आधी उचलायला हवा होता.
मी नाही उचलला. त्यानेही नाही.
बाहेर बर्फ पडत असावा, खिडकी करडी होती.
मग जुन्या पाइनमधून, माझ्या तळव्याखाली,
त्याची टाच.
हलकेच, दोनदा.