इतिवृत्तात नसलेलं

मी सभागृहाची लघुलेखिका.
माँतेविदेओच्या त्या संगमरवरी इमारतीत
चौतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं.
खोकला गाळायचा, अडखळणं गाळायचं,
शिव्या तर गाळायच्याच. तसा नियम.

एलेउतेरिओ बार्रागान, ताकुआरेम्बोचे खासदार,
यांच्या भाषणात गाळण्याजोगं काही नसे.
मेंढ्या कातरणाऱ्याचा मुलगा; वाक्यंही कातरलेली.
थर्मास दाराशी ठेवून यायचे,
येर्बाचा कडवट वास मात्र सोबत आत यायचा.
अकरा वर्षं एकच मागणी:
गार्सास ओढ्यावर पूल हवा.
पाणी उतरेपर्यंत बाळंतिणी थांबत नाहीत,
एवढंच म्हणायचे, आणि बसायचे.
सभागृह हसे.
मी कंसात लिही: (हशा).

मग त्र्याहत्तरचा जून. पहाटे दारांवर सैनिक.
माझ्या वहीत अर्धं पान कोरं राहिलं.
ते सीमेपलीकडे, पोर्तो अलेग्रेत,
कुणाच्या तरी दुकानात चष्म्यांच्या काड्या बसवत होते म्हणे,
बारा वर्षं.
बायको तिकडेच गेली.
हे मला कळलं पावाच्या रांगेत, खूप उशिरा.

ते परत आले त्या दिवशी गॅलरी गच्च.
मी पाच पेन्सिली तासून ठेवल्या होत्या.
वाटलं, आज हा माणूस बोलेल.
हद्दपारी, तुरुंगातले मित्र, कोणाकोणाची नावं.
ते उठले. कोट जुनाच, खांद्यांत सैल झालेला.

"ओढ्यावर पूल झालाय, मी नसताना.
लष्कराने बांधला. चांगला बांधलाय.
डावीकडचा कठडा हलतो. एखादं पोर पडेल.
दुरुस्त करा."

बसले.
कुणी हसलं नाही. कंसात काय लिहावं
मला सुचेना.

कठडा दुरुस्त व्हायला आणखी दोन वर्षं लागली.

ते वारल्यावर एका जानेवारीत, रणरणत्या उन्हात,
मी त्यांच्या गावी गेले.
पुलावर कर्नलच्या नावाची पितळी पाटी,
कोण घासतं देव जाणे, लख्ख.
नात म्हणाली, आजोबा पुलावरून कधी गेलेच नाहीत.
बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
पाण्यातूनच.
हिवाळ्यातसुद्धा?
हिवाळ्यात शिव्या देत देत.

कोणत्या, ते मी नीट विचारून घेतलं
आणि बसच्या तिकिटामागे, लघुलिपीत,
एकही न गाळता
उतरवलं.