ताणकाटा

बाजारातून घरी आले
तर ताणकाटा ओसरीत पडलेला,
स्प्रिंग बाहेर लोंबत होती
मोरीच्या आतड्यासारखी.

आढ्याला सुंभ बांधून
सकाळभर तिने घर तोललं होतं.
शेवटी टांगला अर्धा चिरा,
काट्याचं पोट फाटेस्तोवर.

नाव शमिका. शमिका म्हणजे शांत,
असं अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलेलं.
ह्या शांतीने आजवर संपवलं ते असं:
टॉर्च, मिक्सरचं झाकण,
बापसाचा मोबाईल (विहिरीत, तरंगता काय बघूक),
चतुर्थीला घेतलेल्या खुर्चीचा एक पाय.
बापूस गोव्याच्या ट्रॉलरवर, येतो महिन्याने.
ओरडायचं काम माझ्याकडे.
एकदा पाठीत घातलं.
एकदा जेवायला दिलं नाही,
तर तव्यावरचा बांगडा मलाही गिळेना,
मांजराचं फावलं.

"कित्याक केलंस ह्या?"
"बघी होतंय, काय किती जड आसा ता."

कुंपणापलीकडून कुंदाकाकी,
"दोन सणसणीत लगाव गो.
तुका काय कमी पडले होते?"

कमी नव्हते पडले.
अण्णांच्या हातातली माडाची हीर
आधी वाऱ्यात वाजायची, मग पोटरीवर.
कंदिलाची काच फोडली तेव्हा अकरा.
काच होती आठ रुपयांची.
म्हणजे रुपयाला एक,
आणि तीन वर,
गिऱ्हाइकाला घालतात तसे.

खराट्यातली हीर मीही ओढली.
पोर सरकत सरकत भिंतीला लागली
आणि मला भिंत दिसली:
गेल्या दिवाळीचा पिस्ता रंग,
त्यावर खिळ्याने कोरलेलं,

बोको – दोन किलो, मगे पळालो
सोललेलो नारळ – सातशे
माजा दप्तर – चार
कळशी – काटो संपलो
अण्णांचो फोटो – पाव किलो

पाव किलो.
चंदनाच्या हारासकट.

मी खालीच बसले.
हसू आलं असं नाही.
डोक्यावरची भरली पाटी
उतरवायला कोणी हात लावावा
तसं काहीतरी झालं, आणि
हीर कधी खाली ठेवली ते कळलं नाही.

मारलं नाही. माफही केलं नाही.
काटा सतराशेंचा. हॉटेलवाले किलोनेच घेतात.

रविवारी पाचला उठवली,
लिलावाला नेली, मग बाजारात
माझ्या बाजूला पाटावर बसवली.
येईल त्याला तिनेच सांगायचं,
"काटो माज्या हातान मोडलो. आज वाटे."
कोणी हसलं.
कोणी मुद्दाम दोनदा विचारलं.
तिसऱ्या गिऱ्हाइकाला आवाज फुटेना,
मी पेडवे निवडत राहिले,
मदत केली नाही. हे सोपं नव्हतं,
हेही लिहून ठेवते.

वाटे मात्र तिने बरे लावले,
मोठा बांगडा वर, फुटका खाली,
हे कोणी शिकवलं कोण जाणे.

दहाला हॉटेलचा माणूस आला,
सुरमईचे कल्ले उघडून बघितले.
"मापाशिवाय कशी घेऊ, दर्शनाताई?"
आणि गेला समोरच्या ओळीत.
सुरमई राहिली.
बर्फ वितळला, भाव वितळला,
दुपारी ती अर्ध्या किमतीला गेली.
पोरगी सगळं बघत होती,
बोलली काहीच नाही.
घरी येताना रिकामी पाटी तिने घेतली,
मी सांगितलं नव्हतं.

भिंत अजून रंगवलेली नाही.
यादीखाली नवी ओळ आली आहे,
ह्यावेळी पेन्सिलीने:
सुरमय – खूप.

काटा कणकवलीला नेऊन दुरुस्त केला.
चालतो. फक्त रिकामा असला
तरी शंभर ग्रॅम दाखवतो.
सुट्टीच्या दिवशी ते वजा करायचं काम तिचं,
मोठ्याने, गिऱ्हाइकासमोर.
विसरली तर मी ओरडते.
अजून ओरडतेच.