ओंजळीचं माप

कोव्हिल्याच्या चढावर, ओढ्याकाठच्या लोकर-गिरणीत
मी पोचले तेव्हा माग बंद पडून नऊ दिवस झाले होते.
देओलिंदाने कॉफी पुढे सरकवली, आणि नव्या संगणकाकडे
हनुवटी उडवली, जशी कोणी घरजावयाकडे उडवतं.
"शिकलेला आहे म्हणे. चौसष्ट बिटांचा.
आणि एवारिस्तोचं एक अक्षर वाचता येत नाही याला."

पडद्यावर एकच ओळ:
हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही.
कारण नाही, क्षमा नाही.

मी म्हटलं, कसं सांगू, ओंजळीसारखं असतं ते.
प्रोसेसर आकडे पितो ते ओंजळीने.
एवारिस्तोने लिहिलं सोळा बिटांच्या ओंजळीसाठी.
मग बत्तीसवाले आले. त्यांनी थोरल्या मनाने
सोळावाल्यांसाठी एक पाट मांडून ठेवला.
चौसष्टवाल्यांनी घर बांधलं तेव्हा पाट दोनच मांडले,
एक स्वतःचा, एक बत्तीसवाल्यांचा.
"आणि तिसरा?"
तिसऱ्याला दारातूनच नमस्कार.

ती हसली नाही.

तिच्या भाच्याने, लिसांद्रोने, आधीच एक पराक्रम केला होता.
कचेरीतल्या दोन जीबीच्या म्हाताऱ्या डब्यात
चौसष्टची प्रणाली घातली: बिटं दुप्पट, वेग दुप्पट.
आता तो डबा पत्र उघडतानाही धापा टाकतो.
पत्ते लांबले ना. एकेक पत्ता दुप्पट जागा अडवतो,
आणि गावात घरं होती तेवढीच.
अंथरूण तेच ठेवून पाय तेवढे वाढवले पोराने.

पण खालच्या मजल्यावर, रंगशाळेत, दुसऱ्या एका चौसष्टने
जुन्या गालिच्याचा सहा जीबीचा फोटो
एका दमात उघडला, वीणन्‌वीण दिसेल असा.
बत्तीसवाला तिथे चार अब्ज एकोणतीस कोटी
एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव घरं मोजतो
आणि कुंपणाशी थांबतो. पुढे रान आहे,
रानाचा पत्ता त्याच्यापाशी नाही.
म्हणून मी कुणालाच वाईट म्हणत नाही. माप बघते, फी घेते.

एवारिस्तो जाऊन चौदा वर्षं झाली.
मूळ लिखाणाचे कागद बहिणीने बहुधा शेगडीत घातले.
त्याच्या नक्षीत पासष्ट हजार पाचशे पस्तीस ही शेवटची ओळ.
त्यापुढे आकडा भरतो, शून्य होतो,
आणि घोंगडी पुन्हा पहिल्या काठाशी येते.
गिरणीत याला एवारिस्तोचं वळण म्हणतात.
गिऱ्हाइकं परंपरा समजतात.

मी नव्याच्या पोटात एक खोटा जुना संगणक उभा केला,
बत्तीसचा. त्याच्या पोटात सोळाचा.
दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणं म्हणतात ते हेच.
समांतर पोर्टाचं कार्ड बसवलं, वायर खोचली.
साडेतीनला आकड्या उठल्या, माग हलला,

आणि अकराव्या बाण्याला ताणा तुटला.
जोडला. पुन्हा तुटला.

देओलिंदानेच ओळखलं. कान लावून म्हणाली,
"घाई करतोय. एवारिस्तो दोन फेकींमध्ये थांबायचा."
खरंच. घड्याळ बघणं त्याला माहीतच नव्हतं,
तो नुसता मोजायचा, एक ते तीस हजार, रिकामं,
धोट्याला परतायला लागेल तेवढं.
नवा तेवढं मोजून टाकतो पापणी लवण्याआधी.

तर संध्याकाळभर मी केलं काय, की
गिरणीने ज्याचे अठराशे युरो मोजले त्या वेगाला
लगाम घातला. शंभरातला दहावा हिस्सा ठेवला.
"अजून हळू."
पाचावर आणला.
"अजून." डोळे मिटलेले, बोटं मांडीवर ठेका धरून.
चारापाशी बोटं आणि माग एक झाले.
ती काही बोलली नाही, कॉफीचे कप उचलून आत गेली.

बिलावर 'कामाचा प्रकार' असा रकाना असतो.
बराच वेळ तो कोरा ठेवून शेवटी लिहिलं:
संगणक संथ केला.
उद्या हिशेबनिसाचा फोन येईलच.

उतारावर गाडी काढताना काच खाली होती.
धोट्याचा आवाज येत होता, आणि दोन आवाजांमधली ती जागा,
जिथे कोणी रिकामं मोजत होतं, तीस हजारपर्यंत.