हलवा

निलुकाच्या घरी, अल खुवैरला, तिसऱ्या मजल्यावर
दार उघडताच चार पिल्लं अंगावर आली.
चपला, ओढणी, दिगंबरच्या पँटची मोहरी,
जे मिळेल ते दातांत.
ती मात्र एसीखालच्या फरशीवर होती तशीच.
एक भुवई वर केली,
म्हणजे, आलात? बसा.

वय सात असावं, दात बघून डॉक्टर म्हणालेले.
एक कान उभा, दुसरा मुडपलेला,
वाचता वाचता दुमडून ठेवलेल्या पानासारखा.
नाव हलवा.
निझवाच्या हलव्याचा रंग ना, निलुका म्हणाली.
आम्ही दोघं हसलो. रत्नागिरीच्या माणसाला
हलवा म्हटलं की आधी तवा आठवतो.

दिगंबर माझ्या कानाशी: पिल्लू घेऊ, हवं तसं घडवता येईल.
मी म्हटलं, एक घडवली आपण. ती टोरंटोला आहे,
रविवारी फोन करते, वेळ असला तर.
आता कुणी आधीच घडून आलेलं असेल तर बघू.

निलुका दातांच्या दवाखान्यात नर्स.
अठ्ठावीस कुत्री तिने अशी सांभाळून दुसऱ्यांना दिली.
सगळ्यांची नावं फ्रीजवर,
एकाही नावावर काट नाही.
देताना रडत नाहीस? मी विचारलं.
"रडते. मग चादरी धुते," तिच्या मोडक्या हिंदीत.

वहीतलं पान फाडून दिलं तिने:
भात चालतो, मीठ नको.
फटाक्यांना भीत नाही, नोव्हेंबरातल्यासुद्धा.
मांजर बघते आणि विसरते.
लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहते, राहू द्या.
आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ ओढून:
बॅग दिसू देऊ नका.

पहिल्या घरचे मार्चमध्ये गेले. करार संपला.
दोन दिवस बॅगा भरल्या जात होत्या,
आणि ही शेपटी हलवत
एकेका बॅगेवर जाऊन बसत होती.
मग बॅगा गेल्या.
वॉचमनला ती पार्किंगमध्ये सापडली,
नेहमीच्या गाडीच्या रिकाम्या जागेत,
दोन पिवळ्या रेघांच्या बरोबर मधोमध.

फॉर्म सहा पानी.
व्हिसाला एवढं विचारलं नव्हतं.
बाल्कनीला जाळी आहे का. किती तास एकटी राहील.
ऑगस्टात फिरवाल कधी.
चौथ्या पानावर: तुम्ही देश सोडलात, तर तिचं काय?

एकोणीस वर्षं झाली मस्कतला.
दर दोन वर्षांनी रक्त, छातीचा फोटो, शिक्का.
तुमचं काय, असं कुणी विचारलं नव्हतं.
आम्ही एकमेकांनाही नाही.
दिगंबर बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिला.
"बरोबर," म्हणाला.
प्रश्न बरोबर, की ती आपल्याबरोबर,
मी विचारलं नाही.
रकाना छोटा होता. मी एकच लिहिलं.

आज दहावा दिवस.
दारात उड्या नाहीत, चाटणं नाही.
किल्ली वाजली की सोफ्यामागून ती भुवई.
पहाटे, फरशी तापायच्या आत,
कोरड्या वादीच्या कडेने आम्ही तिघं.
खजुरांच्या घोसांना जाळ्या बांधल्यात.
शेजारच्याचं नाव ज्याला एकोणीस वर्षांत कळलं नव्हतं
त्या दिगंबरला आता बलुची माळी लांबून हाक मारतो,
ओ हलवावाले!

कपाटावर आमची निळी बॅग,
आल्या दिवसापासून तिथेच,
केव्हाही हाताला येईल अशी.
तिच्यावर मी सोलापुरी चादर टाकली होती.
काल ती घसरली.

मी कणीक मळत होते. बघितलं तर
आतल्या खोलीच्या उंबऱ्यात ही उभी, मान वर करून.
किती वेळ, कोण जाणे.
मग वळली, स्वयंपाकघरात आली,
आणि माझ्या पावलावर
सगळी, बावीस किलो, आडवी झाली.

कणीक झाली. तवा तापून गार झाला.
पाऊल बधिर झालं.
हलवलं नाही.