अकरा कटिंग

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, पहिला मजला, गाळा सतरा.
आम्ही कुकरच्या रिंगा बनवतो.
तुमच्या घरची शिट्टी वेळेवर होते
त्यात थोडा हात आमचाही असतो, एवढंच.

मस्टरवर नऊ नावं, पाढ्यासारखी पाठ:
रामअचल, तुकाराम शेलार, दोघे बिंद भाऊ,
प्रेसवरचा गुलाम दस्तगीर...
दहावी फिलू किणी. मार्व्याहून येते,
रिंगेवरचं फाजील रबर कातरते
मुलाच्या घासातला काटा काढावा तशी.
ती मस्टरवर नाही.
ती "मदतीला" येते. दोन वर्षं, तीन महिने.
आधी माझ्या आळसामुळे, मग विधेयकामुळे.

दिल्लीत एक विधेयक आहे.
कायदा नाही अजून, नुसतं विधेयक.
वीसचा आकडा दहावर आणायचा म्हणतात.
दहा माणसं झाली की फंड,
नमुने, रजिस्टरं, दारावर पाटी.
गेल्या अधिवेशनात येणार होतं,
सभागृह तहकूब झालं.
मग समितीकडे गेलं.
आमच्या धाकटीची पत्रिकासुद्धा इतकी फिरली नव्हती.

भाटवडेकर, आमचे सीए, म्हणाले,
"नऊवर थांबा. आणि चहाकडे बघा.
माणसं लपवता येतात हो, चहा लपत नाही.
एका गाळ्यात साहेबानं मस्टर उघडलंच नाही,
टपरीची वही मागवली."

खरंच की. किसनच्या वहीत:
गाळा सतरा, सकाळी अकरा कटिंग, दुपारी अकरा.
नऊ ते, एक फिलू, एक मी.
आख्ख्या इस्टेटीत खरं मस्टर तेवढंच.

हिशेब मांडतो रोज.
इंदूरची ऑर्डर दोन हात जास्त मागते.
रिंगेमागे मला सुटतात चाळीस पैसे.
फिलूचा फंड म्हणजे महिन्याला किती हजार रिंगा,
हे मी कॅल्क्युलेटरशिवाय सांगू शकतो.
रबराच्या भावावर मात्र कुणी विधेयक आणत नाही.

दुसरा हिशेब वहीत नाही.
एकोणिसाव्या वर्षी, मरोळला,
डाय उचलताना माझ्या बोटाचं पेर गेलं.
शेठनं रिक्षात बसवलं, शंभराची नोट दिली,
आणि रिक्षा सुटायच्या आत वाकून म्हणाला,
"तू आपल्याकडे नव्हतास. काय?"
मी मान हलवली.
आजही सही करताना पेन त्या जागेवरून घसरतं.

म्हणून विधेयक पास व्हावं असं वाटतं मला.
होऊ नये असंही.
बातम्यांत क्रिकेट लागलं की हायसं वाटतं,
आणि हायसं वाटलं याची लाज
जेवताना घशाशी येते.

शेवटी एवढंच केलं:
किसनला सांगितलं, उद्यापासून दहा.
मी चहा सोडला.

चारला किटली येते.
दस्तगीर प्रेस थांबवतो, ग्लास खणखणतात,
आल्याचा वास टेबलापर्यंत येऊन उभा राहतो.
मी चलनं चाळतो. कपाळ ठणकतं.

परवा बातमी आली, समितीला मुदतवाढ.
हिवाळी अधिवेशनापर्यंत.
म्हणजे अजून चार महिने डोकेदुखी.

काल फिलूनं कात्री खाली ठेवली.
"शेठ, चाय का सोडला? पित्त?"
"हो, पित्तच."

आज तिनं घरून कोकमाचं आगळ आणलं,
औषधाच्या जुन्या बाटलीत, बूच घट्ट लावून.
मी पैसे विचारले.
"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली,
"कुठं लिवून ठेवायचंय?"